केबलवरील इंटरनेटचा दोष व त्याचे ऐतिहासिक मूळ

पनवेलसारख्या खाडीकाठच्या नगरात पावसाळ्यात घरगुती केबलवरील इंटरनेट वारंवार खंडित झाले, की दोष प्रथम मोडेमला दिला जातो. हे निदान पुष्कळदा घाईचे ठरते. कारण दोषाचे मूळ या जाळ्याच्या इतिहासात आहे.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर भारतात केबल दूरचित्रवाणी झपाट्याने पसरली. गच्च्यांवरून व खांबांवरून ओढलेल्या तारांचे कार्य एकच होते: घरापर्यंत चित्र पोचविणे. घराकडून उलट संदेश यावा, ही अपेक्षाच नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट जनतेस खुले केले, ते दूरध्वनीच्या तारेवरून. १९९८ मध्ये खाजगी सेवादात्यांस मुभा मिळाली व पुढे केबलवरही हा भार आला.

परतीच्या संदेशास ५ मेगाहर्ट्झपासूनचा खालचा पट्टा मिळाला. विद्युत् उपकरणांचा गोंगाट तेथेच अधिक; शिवाय एका शाखेवरील सर्व घरांचा गोंगाट केंद्राकडे एकत्र वाहत जातो. म्हणून एका घरातील गंजलेल्या जोडणीने दुसऱ्या घरातील इंटरनेट तुटते, आणि चित्र मात्र स्वच्छ दिसत राहते.

तेव्हा प्रथम अनावश्यक स्प्लिटर काढून तार थेट मोडेमला जोडावी. जोडण्या कोरड्या व घट्ट कराव्यात. नंतर मोडेमच्या नोंदीतील परतीच्या संदेशाची शक्ती पाहावी. ती कमाल मर्यादेस भिडली असल्यास मार्गात क्षय होत आहे. शेजारीही त्याच वेळी खंड पडत असल्यास दोष बहुधा घराबाहेरचा असतो. त्याचे निवारण नव्या मोडेमने होत नाही. केबलचालकास खांबावरील जोडणीच तपासावी लागते.