मिरजेला गाडी बदलावी लागायची

आईचे वडील मिरज स्टेशनात मालधक्क्यावर कारकून होते. गावाचा इतिहास विचारला की मिरजकर माणूस किल्ल्यापासून, पटवर्धन सरकारांपासून सुरुवात करतो. आजोबा रुळांपासून करायचे. "हितं गाडी बदलावी लागायची," ते म्हणायचे, "आणि माणूस एकदा खाली उतरला की पुढं त्याचं काय होईल, कुणाला सांगता येतंय?"

पुण्याहून बेळगाव-लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज लाईन मिरजेवरून गेली. कोल्हापूर संस्थानानं १८९१ मध्ये आपल्या खर्चानं फाटा टाकून घेतला. १९२७ मध्ये बार्शी लाईटची अडीच फुटी गाडी पंढरपूरहून इथं येऊन पोहोचली. १९७१ मध्ये पुणे-मिरज-कोल्हापूर रूळ रुंद झाले, पण बेळगावची बाजू आणखी वीसेक वर्षं मीटरगेजच राहिली. म्हणजे एका स्टेशनात तीन मापांचे रूळ! हुबळीकडून आलेलं पोतं पुण्याला जायचं तर ते हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाणार. एका मोठ्या वाघिणीतला माल किती छोट्या वाघिणींत मावतो, हा हिशेब आजोबांना निवृत्तीनंतरही तोंडपाठ होता. माणसांचंही तेच. ट्रंक, वळकटी, पोरं उतरवायची, पुढच्या गाडीची चौकशी करायची आणि ती येईपर्यंत गावात एक चक्कर मारायची.

अलीकडे आईला घेऊन कोल्हापूरहून सकाळच्या पॅसेंजरनं गेले. तासाभराचा प्रवास. वळिवडे आलं तसं आईनं बोट दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या हजारो पोलिश बायकामुलांची छावणी १९४३ ते ४८ इथं होती. जयसिंगपूर सोडलं की कृष्णेचा पूल. याच नदीचं पाणी २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून टँकरच्या वाघिणींत भरून लातूरला गेलं. आजोबा असते तर त्यांनी आधी वाघिणी मोजल्या असत्या.

स्टेशनाबाहेर रिक्षावाले घेरतात, पण जुनी मिरज पायी फिरण्याजोगी आहे. रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या आईला तर वाट विचारावीच लागत नाही. आधी मिशन हॉस्पिटल. कॅनडातून आलेले डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी ते १८९४ मध्ये उभारलं. पुढं त्यांना 'सर' ही पदवी मिळाली, पण आजोबांच्या बोलण्यात ते 'वानलेस सायेब'च राहिले. कर्नाटकातून, गोव्यातून पेशंट रेल्वेनं येत. स्टेशनात उतरणाऱ्याच्या डोळ्यावर पट्टी नसेल तर तो नातेवाईक, असं आजोबा थट्टेनं म्हणत.

मिरजेला उपचाराला आलेला माणूस पुष्कळदा गाण्यात सापडतो, हा आजोबांचा लाडका सिद्धांत होता, आणि त्याला दाखलेही होते. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी फटाक्यानं अधू झाले. वॉनलेस यायच्या आधीची ही गोष्ट. इलाजासाठी त्यांना मिरजेला आणलं. दृष्टी काही पुरती परत आली नाही, पण इथंच ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकायला बसले आणि १८९६ मध्ये मिरज सोडून निघाले ते हिंदुस्थानभर गाणं शिकवत. नारायण राजहंस यांना शाहू महाराजांनी मिरजेला धाडलं ते कानाच्या दुखण्यासाठी, असं आजोबा सांगत. १९०५ मध्ये ते मिरजेतच शकुंतला होऊन रंगभूमीवर उभे राहिले आणि महाराष्ट्राला बालगंधर्व दिसले.

बाजारातून वळलं की मीरासाहेबांचा दर्गा. उरसातला पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. तो मान पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे खाँसाहेब बडोदा, पुणे, मुंबई करत शेवटी मिरजेचे झाले. प्लेगच्या दुखण्यातून मीरासाहेबांनी वाचवलं, ही त्यांची श्रद्धा. म्हणून दरवर्षी उरसात ते इथं चिंचेखाली बसून गायचे. ती संगीतसभा त्यांच्या नावानं आजही भरते. १९३७ च्या ऑक्टोबरात पाँडिचेरीला जाताना वाटेत छातीत कळ आली म्हणून ते सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनात उतरले आणि फलाटावरच, दरबारीच्या सुरांत प्रार्थना करत, त्यांनी प्राण सोडला. आजोबा तेव्हा शाळकरी पोर. पण ही हकिगत ते अशी सांगत, की त्या फलाटावरचे कंदील त्यांनी स्वतः पुसले असावेत.

तिथून सतारमेकर गल्ली जवळच. इथले शिकलगार पूर्वी हत्यारांना धार लावत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी वाद्यांचं काम हाती घेतलं आणि भावकी त्यात उतरली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात आढ्याला पंढरपूरकडचे वाळलेले भोपळे टांगलेले होते. एक कारागीर मांडी घालून जवारी काढत बसला होता. घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या हाडाच्या पट्टीवर, कानस दोनदा फिरवायची, फुंकर मारून भुगा उडवायचा, तार पुन्हा बसवून छेडायची, खालचा दोरा केसभर पुढं सरकवायचा. तार घोडीला नुसती चाटून गेली पाहिजे. जास्त टेकली तर आवाज बसका, कमी टेकली तर कोरडा. मध्येच तंबोरा भरल्यासारखा बोलायला लागला, तशी आई बोलता बोलता थांबली.

समोर धारवाडहून आलेली एक मुलगी आपल्या तंबोऱ्याच्या जवारीसाठी बसली होती. आईनं विचारलं, "एवढ्या लांबनं कशाला आलीस? कुरिअरनं पाठवायचा की."

"नाही चालत, मावशी," कारागीरच म्हणाला. "त्यांना खुली जवारी पाहिजे का बंद, ते त्यांचं गाणं ऐकल्याबिगर कसं ठरवू?"

मुलीनं षड्ज लावला. त्यानं ऐकला, मान हलवली आणि घोडी पुन्हा काढली. तिनं मोबाईलवर वेळ पाहिली. तिची गाडी तासाभरात होती. "ही सोडा," कानस उचलत तो म्हणाला, "रात्रीची धरा." तिनं घरी फोन लावून उशीर होईल म्हणून कळवलं.