प्रतिदर्श सर्वेक्षण, पिकांचे
एखाद्या मोठ्या समूहातील थोडे घटक निवडून त्यांच्या निरीक्षणावरून संपूर्ण समूहाविषयी अनुमान काढण्याच्या पद्धतीस प्रतिदर्श सर्वेक्षण किंवा नमुना पाहणी म्हणतात. या विषयाचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यास साहजिकच दोन प्रश्न पडतात : थोड्यांवरून सर्वांविषयी कसे सांगता येते, आणि नमुना जितका मोठा तितका निष्कर्ष अधिक विश्वसनीय असतो काय ? भारतातील पीक-अंदाजांच्या इतिहासात या दोन्ही प्रश्नांचा कस लागला.

आणेवारी : ब्रिटिश अमदानीत पिकाखालील क्षेत्र, एकरी सर्वसाधारण उत्पन्न व हंगामाची आणेवारी यांच्या गुणाकाराने एकूण उत्पादन ठरवीत. आणेवारी गावकामगार नजरेने ठरवी. त्यामुळे ती कितपत चुकली हे अजमावण्याचे साधनच नव्हते. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधारा पद्धतीमुळे गावोगावी जमिनीची नोंद ठेवणारी सरकारी यंत्रणा नव्हती आणि क्षेत्राचे आकडेही अदमासाचेच असत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात धान्यसाठ्याच्या विश्वसनीय आकड्यांची उणीव तीव्रतेने जाणवली.

यादृच्छिक निवड : बिहार व ओरिसा प्रांतात जे. ए. हबॅक यांनी भाताच्या शेतांतील लहान तुकडे यादृच्छिक रीत्या, म्हणजे निवडणाऱ्याच्या आवडीनिवडीस वाव न देता, निवडून कापणी केली व तिचे निष्कर्ष १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. प्रशांतचंद्र महालनोबीस (१८९३–१९७२) यांनी १९३७ पासून बंगालमधील तागाच्या क्षेत्राची पाहणी हाती घेतली. १९४१ मध्ये तिने संपूर्ण प्रांत व्यापला. निवड यादृच्छिक असली, म्हणजे अनुमानातील संभाव्य त्रुटी नमुन्यावरूनच मोजता येते, हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. ही त्रुटी नमुनासंख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. ती निम्मी करण्यासाठी नमुने चौपट घ्यावे लागतात.

तुकड्याच्या आकाराचा वाद : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर १९४० नंतरच्या दशकातील वादातून स्पष्ट झाले. महालनोबीस यांचा कल प्रशिक्षित फिरत्या पथकांकडून पुष्कळ लहान तुकडे कापून घेण्याकडे होता. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) यांनी मात्र स्थानिक महसूल व कृषी कर्मचाऱ्यांकडून मोठे तुकडे कापविण्याचा पुरस्कार केला. लहान तुकड्यांवरून उत्पन्न वाजवीपेक्षा अधिक दिसते, असे त्यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले. सीमारेषेवरील रोप आत की बाहेर अशी शंका आली, की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे वळतो. आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची सीमा अधिक असते. उदाहरणार्थ, चौरस तुकड्याच्या प्रत्येक बाजूस ५ सेंमी. जादा पीक कापले गेले, तर १ मी. बाजूच्या तुकड्यात उत्पन्न २१ टक्के, पण १० मी. बाजूच्या तुकड्यात केवळ सु. २ टक्के वाढीव दिसते.

अशा एकाच दिशेने होणाऱ्या चुकीस अभिनती म्हणतात. तुकड्यांची संख्या शंभराची हजार केली, तरी अभिनती तेवढीच राहते. फक्त चुकीचा आकडा अधिक नेमका भासू लागतो. महालनोबीस यांनाही मोजणाऱ्यांच्या चुकांची जाणीव होती. एकाच क्षेत्रात दोन स्वतंत्र पथकांना वेगवेगळे नमुने देऊन निष्कर्षांतील तफावत पाहण्याची त्यांची युक्ती त्यासाठीच होती. तथापि दोन्ही पथके एकाच दिशेने चुकत असल्यास तीतून दोष उघड होत नाही.

परिणाम : सरकारी पीककापणी प्रयोगांसाठी मोठा तुकडा स्वीकारण्यात आला. ३३ फुट × १६.५ फुट, म्हणजे १/८० एकर, हे माप अनेक पिकांसाठी रूढ झाले. पुढे दशमान पद्धतीत १० मी. × ५ मी. हे माप प्रचारात आले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई ठरविताना याच प्रयोगांतील सरासरी उत्पन्नाचा आधार घेण्यात आला. उंबरठा उत्पन्नापेक्षा ही सरासरी जितकी कमी, तितकी भरपाई अधिक. त्यामुळे दोरी ताणून तुकडा आखतानाची वीतभर चूकही शेतकऱ्याच्या पदरी पडणाऱ्या रकमेत उतरू शकते.