एका छपराखालची वेडे : कौटुंबिक प्रहसनाच्या अभ्यासकांसाठी प्रस्तावना

आचार्य अत्रे यांचे ‘साष्टांग नमस्कार’ १९३३ साली बालमोहन नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातल्या रावबहादूरांना सूर्यनमस्कारांचे वेड आहे. त्यांच्या भोवती कुणी भविष्यात बुडालेला, कुणी कवितेत. त्या वेळच्या प्रेक्षकाला हे घर ओळखीचे होते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी तेव्हा नमस्कारांचा प्रसार मोठ्या निष्ठेने करीत होते.

कौटुंबिक प्रहसनाच्या अभ्यासात पहिले पाऊल टाकणाऱ्याचे मी या नाटकाच्या दारात स्वागत करतो. मराठीत प्रहसनाची परंपरा याहून जुनी आहे. देवलांचे ‘संशयकल्लोळ’ मोलिएरच्या कथानकापर्यंत मागे जाते आणि आजही हसवते. पण तिथला सगळा गोंधळ एका संशयातून उभा राहतो आणि तो संशय फिटला की संपतो. अत्र्यांच्या घरात असा एक धागा ओढून गुंता सुटत नाही, कारण तिथे चूक कुणाचीच होत नाही. प्रत्येक जण आपापल्या नियमाने काटेकोर वागतो. शिस्तीची माणसे एकाच दिवाणखान्यात एकमेकांवर आदळतात, आणि प्रेक्षकाला तो गोंधळ वाटतो.

अमेरिकेत कॉफमन आणि हार्ट यांचे ‘यू कान्ट टेक इट विथ यू’ १९३६ साली रंगमंचावर आले. १९३८ मध्ये फ्रँक काप्राने त्यावर काढलेल्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. त्या घरातली आई नाटके लिहिते, कारण चुकून एक टाइपरायटर घरी येऊन पडला. तळघरात फटाके बनतात. आजोबांनी धंदा केव्हाच सोडला आहे आणि ते कुणालाच अडवत नाहीत. अत्र्यांचे नाटक त्याच्या तीन वर्षे आधीचे, पण आधी कोण या वादात मला रस नाही. फरक पाहावा तो घराच्या रचनेत. तिथे ज्याचे वेड त्याच्यापुरते. आपल्याकडे कर्त्या पुरुषाचे वेड हा घराचा कायदा होतो. रावबहादूरांची मर्जी राखायची तर त्यांच्या नमस्कारांना मान द्यावाच लागतो. म्हणून मराठी कौटुंबिक प्रहसनाचा खरा विषय आज्ञापालन हा आहे : वडीलधाऱ्याला न दुखावता आपले आयुष्य आपल्या मनासारखे कसे जगावे. या एका प्रश्नासाठी ही जुनी नाटके पुन्हा उघडावीत असे मला मनापासून वाटते.

मी हे ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून लिहितो आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची ही पहिली वसाहत. इथल्या कितीतरी कारखान्यांच्या जागी आता कार्यालये उभी आहेत. पण कारखान्यातली पाळी संपवून तालमीला जाणारा कामगार हा आपल्या रंगभूमीचा मोठा आधार होता, आणि कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांनी त्याला मंच दिला. हौशी संघाला असे नाटक परवडते. एक दिवाणखाना, दोन-तीन दारे, फारसा खर्च नाही. अवघड असते ते टायमिंग. हशा पिकला की थांबायचे किती, दुसऱ्याची एन्ट्री खायची नाही, आणि मुख्य म्हणजे आपण विनोदी आहोत हे पात्राला कळता कामा नये. रावबहादूर करणाऱ्या नटाचा नमस्कारांवर पुरा विश्वास हवा. तो विश्वास ढळला की उरतात नुसत्या माकडचेष्टा. अभ्यासकाने हे पुस्तकात शोधण्यापेक्षा तालमीत बसून पाहावे.

ठाण्याचे रंगायतन नाटककार राम गणेश गडकऱ्यांच्या नावाने १९७८ साली उभे राहिले. कल्याणच्या रंगमंदिराला अत्र्यांचे नाव आहे. गडकऱ्यांना अत्रे गुरू मानत. लोकलने या दोन्ही गावांत ये-जा करणाऱ्या वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये.

सुरुवात मात्र घरीच करावी. चार-सहा जणांनी पात्रे वाटून घेऊन ‘साष्टांग नमस्कार’ मोठ्याने वाचावे, आणि रावबहादूरांची भूमिका घरातल्या सर्वांत धाकट्याला द्यावी.