बोराएवढी पिशवी

१९९३ सालच्या पावसाळ्यात मी तीन मेलेल्या कोंबड्या बर्फाच्या डब्यात घालून अमरावतीहून अकोल्याच्या एस. टी.त बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांनी बडनेऱ्यापर्यंत डब्याकडे पाहिले, मूर्तिजापूरपर्यंत माझ्याकडे पाहिले आणि शेवटी न राहवून विचारले, "काय आहे जी डब्यात?" मी खरे ते सांगितले. गृहस्थ उठून पुढच्या बाकावर जाऊन बसले.

कोंबड्या माझ्या मोठ्या आईच्या. घरातली कपाशी, तूर, ज्वारी पुरुषांच्या हातची. अंड्यांचा पैसा मात्र तिचा. त्या वर्षी तिने हिंमत करून शंभर पिल्ले आणली. तीन आठवड्यांची झाली तेव्हा ती चार दिवस मलूल पडली. विष्ठा पांढरी, पातळ. दहाबारा दगावली, उरलेली सावरली. पुढे आठव्या आठवड्यात गावातल्याच एका मुलाने त्यांना राणीखेतची लस टोचली. आणि तरीही पंधरा दिवसांनी माना मुरगाळून कोंबड्या पटापट मरू लागल्या.

"सुई तं देल्ली होती, मंग काहून मेल्या?" मोठी आई येईल त्याला विचारी. गावाजवळ उत्तर तयार होते : पोराने लस विकून खाल्ली आणि नुसते पाणी टोचले. त्या मुलाला कुणी अंगणात पाऊल ठेवू देईना.

अकोल्यास पशुवैद्यक शिकविणाऱ्या एका डॉक्टरांनी कोंबडी उघडली. राणीखेतच्या खुणा होत्याच. पण त्यांनी चिमटा नेला तो शेपटीखाली, विष्ठाद्वाराच्या वरच्या अंगाला. "या वयात ही पिशवी बोराएवढी हवी," ते म्हणाले, "ही पाहा, हरभऱ्याएवढी उरली आहे. लस टोचणे म्हणजे सांगावा धाडणे. सांगावा ऐकणारेच घरात नव्हते, तर लस काय करील?"

त्या पिशवीची कुळकथा मी नंतर धुंडाळली. सोळाव्या शतकात इटलीतील पादुआ येथे फाब्रिशियस नावाचे शरीरशास्त्रज्ञ शिकवीत. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे हा त्यांचाच शिष्य. १६१९ साली ते वारले आणि १६२१ साली अंडे व पिल्लू यांवरचा त्यांचा ग्रंथ छापला गेला. त्यात या पिशवीचे वर्णन आहे. तिच्यात कोंबड्याचे वीर्य साठत असावे, असा त्यांचा तर्क होता. तर्क चुकला, पण नाव त्यांचेच राहिले. पुढे सव्वातीनशे वर्षे ही पिशवी कशासाठी आहे ते कुणास उमगले नाही.

१९५०नंतर अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठात ब्रूस ग्लिक हा विद्यार्थी याच प्रश्नामागे लागला. त्याने पिल्लांच्या पिशव्या काढून टाकल्या. पिल्ले खुशाल वाढली! प्रयोग फसला असेच कोणीही म्हणाले असते. तेवढ्यात टिमोथी चँग या त्याच्या मित्राला वर्गात प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी कोंबड्या हव्या झाल्या. त्याने ग्लिककडच्या नेल्या आणि त्यांना रोगजंतू टोचले. जंतूंशी झुंजणारी प्रतिद्रव्ये रक्तात दिसायला हवी होती. पिशवी नसलेल्या बहुतेक कोंबड्यांत ती नव्हतीच! एका नामांकित नियतकालिकाने हा लेख परत पाठविला. अखेर १९५६ साली तो कुक्कुटशास्त्राच्या एका नियतकालिकात छापून आला आणि कित्येक वर्षे फारसा कुणी वाचला नाही. १९६५ साली मॅक्स कूपर व रॉबर्ट गुड यांनी त्याचे मर्म उलगडले. प्रतिद्रव्ये निर्माण करणाऱ्या पेशी पक्ष्यांत या पिशवीत तयार होतात. पिशवीच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर घेऊन त्यांना 'बी-पेशी' म्हणू लागले. माणसाला ही पिशवी नाही. आपल्या बी-पेशी हाडांच्या मगजात घडतात. नाव मात्र कोंबडीचेच चालले आहे.

मोठ्या आईच्या पिल्लांना आधी गाठले ते गंबोरोने. १९६२ साली अमेरिकेतील त्या नावाच्या गावाजवळ हा रोग प्रथम ओळखला गेला, आणि त्याचा अतितीव्र प्रकार १९९२-९३च्या सुमारास आपल्या देशात पसरला. याचे विषाणू नेमके त्या पिशवीतल्या कोवळ्या बी-पेशींवर तुटून पडतात. पिल्लू वरून बरे दिसते, पण आतले शिपाई गारद झालेले असतात. मग लस नीट लागू पडत नाही.

राणीखेतचे विषाणू उबवणीच्या अंड्यात पुनःपुन्हा वाढवून मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत १९४०नंतर लस तयार झाली. अंडे हेच तेथे शेत होते. पिशवीच्या पेशींचे पीक घेणे त्याहून अवघड. बाहेर काढून काचेच्या भांड्यात ठेवल्या, की त्या दोनेक दिवसांत मरून जात. आत असताना 'जग, वाढ' असा इशारा त्यांना सोबतच्या पेशींकडून मिळतो. भांड्यात तो मिळत नाही. २००८ साली युरोपातील संशोधकांनी तसा इशारा देणारे प्रथिन भांड्यात घातले, आणि पेशी दोन-तीन आठवडे जगल्या. पुढे इंग्लंडमधील पिरब्राइट येथे अशाच पेशींत गंबोरोचे विषाणू वाढवून त्यांचे वर्तन तपासले गेले. पूर्वी यासाठी जिवंत पिल्लांना रोग द्यावा लागे. आता कित्येक प्रश्न भांड्यातच विचारता येतात.

हे सारे मला फार पुढे समजले. त्या दिवशी मजजवळ होती ती डॉक्टरांची चिठ्ठी. मोठ्या आईने ती माझ्याकडून दोनदा वाचवून घेतली आणि गप्प बसली. दिवाळीला, पाडव्याच्या सकाळी, चिवडा-अनारशांचे ताट पदराखाली झाकून ती त्या मुलाच्या घरी गेली. मी मागे होतो. दारातच ती म्हणाली, "लेका, तुही सुई खरीच होती रे."

त्याने ताट घेतले. पुढच्या वर्षी पिल्ले पुन्हा आली, आणि गंबोरोची व राणीखेतची अशा दोन्ही लसी त्यानेच दिल्या.