हत्यार कोणाच्या मालकीचे?



मुळशीच्या इतिहासाचा विषय निघाला की सत्याग्रह आठवतो, आणि ते योग्यच आहे. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथील मावळे शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध उभे राहिले. लढा हरला. जमीन पाण्याखाली गेली, त्या पाण्यावर वीज निघाली आणि ती मुंबईकडे गेली. ज्याचे शेत बुडाले त्याचा त्या विजेवर काडीचाही हक्क राहिला नाही. आज याच तालुक्यातील हिंजवडीत हजारो तरुण संगणकाचे प्रोग्राम लिहितात. श्रमाची तऱ्हा बदलली, प्रश्न मात्र जुनाच आहे : श्रमातून जे निर्माण होते त्याचा धनी कोण? या प्रश्नाला ग्रंथालयांच्या जगात एक निराळे उत्तर मिळाले. त्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

प्रोग्राम म्हणजे संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचे लिखाण. कंपनी तो विकते तेव्हा मूळ लिखाण बहुधा आपल्यापाशीच ठेवते आणि गिऱ्हाइकाला वापरण्याचा परवाना तेवढा देते. गिरणीत माग बिघडला तर जॉबर तो उघडून पाहू शकत असे. येथे मागालाच कुलूप, आणि किल्ली विकणाऱ्याच्या खिशात! या रीतीविरुद्ध अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली चळवळ जाहीर केली. १९८९ मध्ये त्यांनी एक परवाना सिद्ध केला. त्याचा आशय असा की, प्रोग्राम कोणीही वापरावा, वाचावा, बदलावा, दुसऱ्यास द्यावा. मात्र बदललेला प्रोग्राम वाटावयाचा झाल्यास तो याच अटींवर वाटावा. म्हणजे सार्वजनिक विहीर खोल करण्यास कोणासही मुभा आहे, तिला कुंपण घालण्यास नाही.

ग्रंथालयात हे तत्त्व उतरले ते न्यूझीलंडच्या एका लहानशा भागात. होरोव्हेनुआ येथील सार्वजनिक ग्रंथालयाची संगणक-व्यवस्था जुनी झाली होती आणि सन २००० उजाडताच ती निकामी होणार होती. ग्रंथालयाने तयार माल विकत घेण्याऐवजी १९९९ मध्ये काटिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून नवा प्रोग्राम लिहून घेतला. ख्रिस कॉरमॅक हे तो लिहिणाऱ्यांतील प्रमुख. जानेवारी २००० मध्ये त्यावर पुस्तकांची देवघेव सुरू झाली आणि ग्रंथालयाने तो मुक्त परवान्याखाली सर्व जगास देऊन टाकला. नाव ठेवले ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण ही भेट परतफेडीचे भान ठेवून स्वीकारावयाची असते. आपल्याकडील आहेराची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचा अर्थ फोडून सांगावयास नको.

परतफेड झालीही. पुस्तकांच्या नोंदी एका ग्रंथालयातून दुसऱ्यात नेता याव्यात म्हणून ‘मार्क’ नावाची नोंदपद्धती जगभर चालते. पहिल्या कोहात तिची सोय नव्हती. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नेल्सनव्हिलच्या सार्वजनिक ग्रंथालयाने पैसे देऊन ती करवून घेतली. पैसे एका गावाने दिले, सोय सर्वांची झाली. कारागिराला कामाचे दाम मिळाले, आणि तरीही त्या कामाला कुलूप लागले नाही. माझ्या मते या इतिहासाचे मर्म येथे आहे.

सामायिक वस्तू मात्र राखावी लागते. काटिपोचा कोहाविषयक व्यवसाय २००७ मध्ये लिबलाइम या अमेरिकन कंपनीने घेतला, आणि २०१० मध्ये ती कंपनी पीटीएफएस या दुसऱ्या कंपनीकडे गेली. मूळ लिखाण परवान्यामुळे मुक्तच होते, पण नावाचे काय? २०११ साली ‘कोहा’ या नावाच्या न्यूझीलंडमधील व्यापारचिन्हावर त्या कंपनीचा अर्ज प्राथमिक मान्यतेपर्यंत पोचला. ज्या ग्रंथालयाने भेट दिली त्याच्याच देशात भेटीच्या नावावर दुसऱ्याचा हक्क! होरोव्हेनुआने जगभर मदतीची हाक दिली, हरकत नोंदविली, आणि अखेर निकाल तिच्या बाजूने लागला.

योगायोग असा की, ही हाक येण्याच्या थोडेच दिवस आधी कोहाची आंतरराष्ट्रीय परिषद आपल्या ठाण्यात भरली होती. १८९३ साली वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेथे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले, तेच हे ठाणे. आपल्याकडील जुनी वाचनालये कशी उभी राहिली? रत्नागिरीला १८२८ साली, पुण्यास १८४८ साली वाचनालये निघाली ती देणग्यांच्या आणि वर्गणीच्या बळावर. एकाने कपाट दिले, दुसऱ्याने पुस्तके दिली, आणि वाचावयास सारे गाव आले. कोहाची रीत परदेशात जन्मली, तरी आपल्या ग्रंथालयांच्या वळणाला ती परकी नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रातील ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळू लागले. ड वर्गाच्या ग्रंथालयाचे अनुदान किती तुटपुंजे असते हे तेथील ग्रंथपालास विचारावे. दरवर्षी परवान्याचे भाडे भरणे त्याला झेपणारे नव्हे. शिवाय भाडे थकले आणि कपाटभर नोंदी परक्या प्रोग्राममध्ये अडकल्या, तर दाखल नोंदवही पुन्हा पहिल्या पानापासून लिहावी लागेल. कोहात हे भय नाही. नोंदी आपल्या, आणि आज एक दुरुस्ती करणारा सोडून गेला तर उद्या दुसरा तेच लिखाण उघडून काम पुढे चालवू शकतो.

परंतु कामगार चळवळीतला माणूस म्हणून एक इशारा दिल्यावाचून मला खाली बसता येणार नाही. ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ ‘फुकट’ असा लावण्याची आपल्याला खोड आहे. परवाना विनामूल्य असला तरी संगणक, वीज, दुरुस्ती आणि माणूस यांना पैसा लागतोच. हजारो नोंदी संगणकावर चढविणे हे महिनोन्‌महिने चालणारे काम आहे. ते अर्ध्या पगाराच्या ग्रंथपालाच्या माथी मारून आपण विद्येची सेवा केली म्हणणे ही शुद्ध पिळवणूक होय. सेवाभावाच्या नावाखाली मजुरी बुडविण्याचे प्रकार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. होरोव्हेनुआने प्रोग्राम दान केला, पण लिहिणाऱ्यांना मजुरी देऊन.

म्हणून माझी सूचना साधी आहे. तालुक्यातील पाच-दहा ग्रंथालयांनी एकत्र यावे, परवान्याला जाणारा पैसा वर्गणीने एका जाणत्या कारागिराच्या पगाराला लावावा, आणि त्याने केलेली प्रत्येक सुधारणा सर्वांसाठी खुली ठेवावी. हिंजवडीतल्या ज्या तरुणाला आपले कौशल्य द्यावेसे वाटेल त्याने ते जरूर द्यावे. पण त्याची सवड हा व्यवस्थेचा पाया धरू नये.

शंभर वर्षांपूर्वी येथील शेतकऱ्याला जमीन सोडावी लागली, कारण मालकीचा निर्णय त्याच्या हाती नव्हता. ग्रंथालयाच्या हत्याराबाबत तो निर्णय आज गावोगावच्या कार्यकारी मंडळांच्या हाती आहे. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी हा विषय पत्रिकेवर घ्यावा, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.