इनेटडी : सर्व्हरच्या प्रवेशद्वाराचा इतिहास

प्रस्तावना :
संगणकीय जाळ्यातील एकाच सर्व्हरकडे फाइल मागणाऱ्या, दूरस्थ प्रवेश मागणाऱ्या, केवळ वेळ विचारणाऱ्या अशा विविध विनंत्या विविध प्रोटोकॉलद्वारे येत असतात. त्या प्रथम कोणी स्वीकाराव्यात, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी त्यास स्वतःचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात युनिक्स परंपरेतील ‘इनेटडी’ या प्रोग्रॅमच्या आधारे त्याचा आढावा घेतला आहे.

एक द्वार, अनेक सेवा :
कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेने १९८३ मध्ये ४.२ बीएसडी ही आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत टीसीपी/आयपीचा अंतर्भाव होता. परंतु प्रत्येक सेवेसाठी स्वतंत्र प्रोग्रॅम अखंड चालू ठेवावा लागे. क्वचित लागणारी सेवाही तुटपुंजी मेमरी अडवून बसे. १९८६ च्या ४.३ बीएसडीमध्ये इनेटडीने हा प्रश्न सोडविला. हा एकच प्रोग्रॅम टीसीपी व यूडीपीच्या अनेक पोर्टांवर लक्ष ठेवी. पोर्ट २१ वर विनंती येताच एफटीपीचा, २३ वर येताच टेलनेटचा प्रोग्रॅम तो सुरू करी व जोडणी त्याच्या स्वाधीन करी. कोणत्या सेवेस कोणता प्रोग्रॅम, याची नोंद एका साध्या फाइलीत ओळीओळीने असे.

काटकसरीकडून सुरक्षेकडे :
२ नोव्हेंबर १९८८ रोजी पसरलेल्या मॉरिस वर्मने इतर मार्गांबरोबरच फिंगर सेवेतील दोषाचाही लाभ घेतला. येणाऱ्या मजकुराची लांबी न तपासण्याचा तो दोष फिंगरच्या प्रोग्रॅमचा होता, इनेटडीचा नव्हे. तथापि आगंतुकाची ओळख न विचारता त्यास आत सोडणे, ही इनेटडीची रीत होती. नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठात वित्सा वेनेमा यांनी १९९० मध्ये ‘टीसीपी रॅपर’ रचला. नोंदीच्या फाइलीत मूळ प्रोग्रॅमच्या जागी हा छोटा प्रोग्रॅम येई. तो आगंतुकाचा पत्ता नोंदवी, अनुज्ञा तपासी आणि मगच मूळ सेवेस पाचारण करी. मूळ प्रोग्रॅममध्ये एका अक्षराचाही बदल करावा लागत नसे. द्वार एकच असल्यामुळेच हे शक्य झाले, ही बाब विशेष लक्षणीय होय.

वेबचे आव्हान :
वेबच्या प्रसारानंतर प्रत्येक जोडणीसाठी नवा प्रोग्रॅम सुरू करणे खर्चिक ठरू लागले. १९९५ मध्ये अवतरलेल्या अपाचे सर्व्हरने विनंती येण्यापूर्वीच अनेक प्रक्रिया सज्ज ठेवण्याची पद्धत रूढ केली. २००२ च्या अपाचे २.० मधून तर इनेटडीद्वारे चालण्याची सोयच वगळण्यात आली. तरीही मूळ कल्पना लोपली नाही. अ‍ॅपलच्या लाँचडीने २००५ मध्ये आणि लिनक्सवरील सिस्टमडीने २०१० मध्ये मागणी येताच सेवा जागविण्याचे तत्त्व पुन्हा स्वीकारले.

निष्कर्ष :
इनेटडीचा जन्म मेमरीच्या काटकसरीतून झाला. परंतु त्याचे स्थायी महत्त्व द्वारपाल व सेवक यांची कामे वेगळी करण्यात आहे. या विभागणीमुळेच सुरक्षेची तपासणी पुढे एका ठिकाणी बसविता आली. तंत्रज्ञानातील एखाद्या रचनेचे मूल्य तिच्या मूळ हेतूवरून पूर्णतः ठरत नाही, हेच या इतिहासावरून स्पष्ट होते.