चहा, साखर आणि 'ते'

आमच्या अकोल्यातल्या किराणा दुकानात एकेकाळी गिऱ्हाइकाच्या आवाजावरून माल ओळखता येत असे. 'एक किलो साखर' साऱ्या गल्लीला ऐकू येई. 'चहाची पुडी' जरा हळू. मग गिऱ्हाईक इकडेतिकडे पाहून गल्ल्यावर वाकायचं आणि पुटपुटायचं, "...अन् ते." एकदा दुकानदाराने खणखणीत विचारलं, "ते म्हंजे काय बाप्पा? हिंग?" बिचारा गृहस्थ खरोखरच हिंग घेऊन घरी गेला.

'ते' म्हणजे निरोध. सरकारने १९६८ साली बाजारात आणला, १५ पैशांना तीन. दवाखान्यात जायला लोक लाजतात म्हणून ब्रुक बाँड, लिप्टन, युनियन कार्बाइड अशा कंपन्यांमार्फत तो दुकानोदुकानी पोचवला. चहा, टॉर्चचे सेल आणि निरोध एकाच वाटेने येऊ लागले. योजना नामी. फक्त मागायचं कसं, एवढंच पाकिटावर छापायचं राहिलं होतं.

वास्तविक हा विषय मोठ्याने बोलणारा माणूस आपल्याकडे फार आधी होऊन गेला. र. धों. कर्वे, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. लंडनला मेरी स्टोप्सबाईंनी दवाखाना उघडला तोही त्याच वर्षी. म्हणजे एवढ्या एका बाबतीत तरी आपण विलायतेच्या मागे नव्हतो! या कामापायी १९२५ साली कर्व्यांची प्राध्यापकी गेली. १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचक चोरून प्रश्न विचारत, हे उघड उत्तरं देत. त्या उत्तरांवरच खटला झाला. १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले, तरी २०० रुपये दंड झालाच. पुढे १९५२ साली सरकारने स्वतःच कुटुंबनियोजन हाती घेतलं, आणि १९५३ साली कर्वे गेले. १९७६ साली तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर करून टाकलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. आधी सांगणाऱ्याला दंड, मग न ऐकणाऱ्याला शिक्षा. मधल्या मध्ये बायकांना विचारायचं मात्र राहूनच गेलं.

हे सारं मी एकदा अमरावतीला आत्याला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवत होतो. आत्याची आठ बाळंतपणं. पाच मुलं हाताशी लागली. ती तांदूळ निवडत होती.

"कोन्या साली म्हनतं रे?"

"एकवीस."

"म्या बी एकवीसचीच. म्हंजे हे माह्याच वयाचं हाय." तिने एक खडा काढून बाजूला टाकला. "मंग मले काहून कोनी सांगतलं नाई?"

"आत्या, ते तिकडे मुंबईला होतं ना."

"मुंबईले त हे वर्सातून दोनदा जात होते," आत्या म्हणाली, "कापसाच्या कामानं."